पाचव्या घड्याळाखालचं नाव

पहिल्या रेल्वे गेटाजवळ बार्देसकरबाईंची ट्रॅव्हल एजन्सी.
भिंतीवर पाच घड्याळं, एकाच दुकानातून आणलेली,
तरी एकाचं दुसऱ्याशी पटत नाही.
खाली गावांची नावं रंगवायची.
वरची ओळ कानडी, ती शिवलिंग कमतगीची; खालची माझी.
अक्षरामागे तीस रुपये,
म्हणजे गाव लांबलचक नावाचं असलेलं बरं.

दुबई, मस्कत, लंडन अर्ध्या तासात झाली.
मस्कत तर आमच्याकडे डाळिंबातून कधीच येऊन बसलेलं.
लंडनला कोण हात लावणार?

चौथ्याला अडलं. कागदावर होतं रोम.
बाई म्हणाल्या, थांब गा,
तिथली माणसं रोमा म्हणतात, माझा दीर होता तिथं.
एक काना वाढला.
काना अक्षर धरायचा की नाही
यावर आमचं थोडं वाजलं.

पाचवं म्युनिक.
बाईंचा भाचा फोनवर तापला: म्युनिक हे इंग्रजांचं,
तिथं राहून मी ते का म्हणू?
मग तो खरं नाव म्हणून दाखवायला लागला.
ओठांचा चंबू दिसत नव्हता, ऐकू येत होता.
म्युन्शन. मुन्शेन. मिन्शन.
तीनदा खडूनं लिहिलं, तीनदा बोटानं पुसलं.
त्या स्वराला मराठीत घर नाही.
शिवलिंगनं कानडीत शोधलं. तिथंही नाही.
एवढ्या वर्षांत एका बाजूला आलो ते असे.

तो माझ्या कोल्हापूरला कोल्लापुर म्हणतो,
निपाणीत एक प जास्तीचा घालतो.
मी त्याच्या हुब्बळ्ळीची हुबळी करतो, विजयपुराचं विजापूर.
दोघांनी एकमेकांची गावं
आपापल्या तोंडाच्या मापानं शिवून घेतलीत,
आणि शिडीवर असेपर्यंत कुणी रागावत नाही.

खाली उतरल्यावरची गोष्ट वेगळी.
एकाच गावची एक पाटी मी तीन वेळा रंगवलीय.
दोनदा रात्रीतून कुणी काळं फासलं.
डांबर टर्पेंटाइननं निघतं, सगळं नाही निघत;
एप्रिलात पत्रा तापला
की खालचं नाव वर येतं.

जुन्या कागदांत वलंदेज आहेत, फरासीस आहेत.
ती माणसं स्वतःला काय म्हणत होती, कुणी विचारलं?
जीभ वाकली, नाव वाकलं,
कुणी तरी येऊन गेल्याची तेवढी खूण राहिली.
बोलता बोलता वाकलेलं नाव एक,
हुकमानं वाकवलेलं दुसरं.
मला दोन्ही एकाच डब्यातून रंगवावी लागतात.

तेवढ्यात येळ्ळूरच्या आक्काताई कुगजी आल्या,
पिशवीत चटणीचा डबा, पार्सलाला.
भिंतीकडं बघून म्हणाल्या,
"मुन्शीच्या गावात किती वाजले गा?"
कुणाच्या?
"पोरगं म्हणतंय की फोनवर. मुन्शीन का काय ते."
बाईंनी कपाळाला हात लावला.
शिवलिंगनं शिडीवरून वाचलं, साडेबारा.
"म्हणजे जेवाय बसला असंल,"
म्हणाल्या, आणि चप्पल काढून बाकावर बसल्या,
तो जेवून उठेपर्यंत बसावं तशा.

शेवटी म्युनिकच रंगवलं.
भाच्याला फोटो पाठवू नका म्हणालो.
खडूचं एक मुन्शी कोपऱ्यात पुसायचं राहिलं,
शिवलिंगच्या लक्षात आलं होतं, तो बोलला नाही.

कान्याचे पैसे मिळाले नाहीत.
बिलबुक वडिलांच्या वेळचं, वर छापलेलं
मु. पो. बेळगांव, गां वरच्या टिंबासकट.
बाईंनी त्यावर दुकानाचा शिक्का मारला, बेळगावी.
शाई ओली होती.
मी फुंकर घातली, घडी करून खिशात ठेवलं.