दोन घरं सुटली

बर्डीवरचा सायबर कॅफे बंद पडला तेव्हा
अठ्ठावीसशे रुपयांत हा संगणक घेतला,
ऑटोत मांडीवर धरून पाचपावलीपर्यंत आणला.
कीबोर्डवरचे डब्ल्यू, ए, एस, डी आधीच पुसलेले,
कुठल्या पोरांनी किती शत्रू मारले कोण जाणे.
झेड मात्र कोरा करकरीत होता.
तो मी पुसला.

कंट्रोल झेड. कंट्रोल झेड.
पहिला महिना मी दुसरं काही शिकलेच नाही,
फक्त मागं यायला.
मेनूतले शब्द वहीत उतरवून घेतले,
लहानपणी पाढे घोकायचे तसे घोकले:
फेदर, मास्क, ओपॅसिटी, मल्टिप्लाय.
महालातल्या क्लासची फी सहा हजार,
वर तिथले सर म्हणाले,
"ताई, तुम्ही पत्रिकाच करा ना लग्नाच्या,
मस्त चालते ते."

मे महिना. शेहेचाळीस.
कूलरचं तोंड माणसांकडं करायचं की सीपीयूकडं
यावरून घरात दोनदा भांडण.
सीपीयू जिंकला.
तरी दुपारी तीनला तो आपणहून मान टाकायचा
आणि सेव्ह न केलेलं सगळं
वाळ्याच्या वासात विरून जायचं.
म्हणून मी रात्रीची झाले.

लेयर समजला तो टपरीवर, पोह्यांच्या प्लेटीत.
खाली पोहे, त्यावर चणे,
त्यावर तर्री.
आणि तर्री म्हणजे मल्टिप्लाय:
खालचं झाकत नाही, लाल करते.
मी एकटीच हसले. टपरीवाला म्हणाला, "तिखट झालं का?"

पहिलं काम दिवाळीनंतर,
कळमन्याच्या ठवकरांचं, संत्र्याच्या पेटीवरचं लेबल.
फोटो त्यांच्याच मोबाइलवरचा.
संत्रं अर्धं हिरवट, साल ढिली,
देठाजवळ एक काळा ठिपका.
"रंग वाढव." वाढवला.
"आणखी." वाढवला.
"घे ना अजून, पोरी, माल लय दूर जाते आपला."
शेवटी ते संत्र्यासारखं राहिलंच नाही,
चौकातल्या दिव्यासारखं झालं,
आणि ठवकर खूश.
घरी येऊन टोपलीतलं एक सोललं.
गोड होतं, पण मला ते
फिकट वाटलं. आजही वाटतं.

बाबांनी चाळीस वर्षं माग चालवला.
किनारीची नक्षी आधी आलेखाच्या कागदावर,
एक घर म्हणजे एक धागा.
माग विकला, खड्डा राहिला.
खड्ड्यावर फळी, फळीवर माझं टेबल.
बसलं की पावलांना अजून खालून गारवा येतो.

त्या रात्री ते पाण्यासाठी उठले,
तांब्या हातात, माझ्या मागं थांबले.
म्हणतील, झोप आता.
त्यांनी काचेवर अंगठा टेकवला,
संत्र्याच्या कडेला, पानाखाली.
"इथं दोन घरं सुटली."
"कुठं?"
"मोठं करून पाह्य."
दोनशे टक्के. काही नाही.
आठशे. काही नाही, आणि मला जरा बरंच वाटलं,
एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा ऑपरेशनचा,
होतं असं कधी.
बत्तीसशे.

दोन पांढरी घरं. एकाखाली एक.

"तुम्हाला दिसलं कसं?"
"दिसलं नाही. खटकलं."
आणि पाणी न पिताच गेले.

लेबल तर संध्याकाळीच छापायला गेलेलं, पाच हजार.
फाइलचं नाव: संत्रं-फायनल-खरंच-फायनल-तीन.
ठवकरांना कधी कळणार नाही,
माल उतरवणाऱ्या हमालालाही नाही.
तरी एका पिक्सेलची पेन्सिल घेतली,
शेजारच्या घरातला रंग उचलला,
एक भरलं.
दुसऱ्याशी हात थांबला:
शेजारचा रंग माझा होता, संत्र्याचा नव्हता.
टोपलीतलं शेवटचं संत्रं आणून
पडद्याजवळ धरलं
आणि सॅच्युरेशन हळूहळू, एकेक आकडा,
खाली आणत गेले.
या वेळी झेडला हात लावला नाही.