तिसरा पुकारा

एकोणीस वर्षं मी नावं पुकारतो.
अहेरीच्या कोर्टाचा व्हरांडा, सागाची दारं
आणि माझा घसा तेवढा जुना.
साहेब बदलले, पंखे बदलले,
गठ्ठ्यांची लाल फडकीसुद्धा बदलली.

तीनदा पुकारायचं, असा रिवाज.
पहिला वकिलासाठी, तो टपरीवर असतो.
दुसरा पक्षकारासाठी.
तिसरा कुणासाठी, हे मला कुणी सांगितलं नाही.

पोसक्का तलांडी. खावटीचा अर्ज.
जुने साहेब बाराला यायचे,
म्हणून रेपनपल्लीच्या गाडीनं येणारी ही बाई
सहा वर्षं वेळेवर हजर.
सहा वर्षं पुढची तारीख.
कडेवरची पोरगी तेवढ्यात चौथीला गेली.

नवे साहेब भले. अकराच्या ठोक्याला बसतात.
'माणसं ताटकळतात हो,' म्हणाले,
'बोर्ड झपाझप हलला पाहिजे.'
खरंच ताटकळतात. मीच पाहत आलो ना.
पण गाडी लागते सव्वाअकराला,
आणि तिचा नंबर दुसरा.

दोन तारखा अशाच गेल्या.
'अर्जदार गैरहजर' ही शाई वाळायच्या आत
ती फाटकातून येताना दिसायची, चपला हातात.
माडियात काहीतरी विचारायची.
मी बोटांवर तारीख दाखवायचो.

आज पुन्हा नाही आली, तर अर्ज काढून टाकणार.

पहिला पुकारा दिला, खणखणीत.
दुसऱ्याला व्हरांड्याच्या टोकाला गेलो.
तिथे बुटाची नाडी सोडली
आणि बांधली.
मग रांजणापाशी थांबलो, घसा कोरडा पडतो या वयात.
मग फाटक.
'अरे, तिसरा द्यायला आलापल्लीला चालला काय बे?'
शिरस्तेदार खिडकीतून.

रस्त्यावर एक बकरी. मोहफुलाचं पोतं लादलेली सायकल.
आणखी काही नाही.
छातीवरचा बिल्ला पुसला. तो स्वच्छच होता.

मग वळणावर गिअर पडल्याचा आवाज.

हात केला, गाडी थांबली.
सरकारी माणसानं गाडीला हात करू नये, ठाऊक आहे.
कोंबड्या उतरल्या, एक म्हातारा उतरला,
कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून भांडत होता,
आणि मी त्या दाराकडे तोंड करून
सगळा दम लावला:
पोसक्का तलांडी हाजिर हो!

ती गोंधळली. पायरीवरच थबकली.
मागून पोरीनं हात वर केला
आणि गुरुजींना सांगतात तसं म्हणाली,
हजर.

साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग मला.
मी बुटाच्या नाडीकडे पाहिलं.