मे महिन्याचं काय

सिव्हर्ट दुकानात नवा आहे. त्याच्या आजीला मी ओळखते,
कारखान्यात कॉड कापताना ती माझ्या डाव्या हाताला उभी असायची.
म्हणून तो मला खरं सांगतो:
"डब्यावर नऊ हजार लुमेन लिहिलंय ना, गुनवोर,
ती बोलाची कढी. आत दोनशे निघाले तरी पुष्कळ."

नऊ हजारांचा डबा मी खाली ठेवला.
पुढच्यावर लिहिलं होतं, फोर-के चालतं.
चालतं म्हणजे आत घेतं, म्हणाला, दाखवत नाही.
अशी माणसंही हामरफेस्टमध्ये आहेत, मी म्हटलं.

माझ्याकडे चार हजार क्रोनर.
भिंतीपासून सोफ्यापर्यंत तीन मीटर दहा,
मासे मोजायच्या पट्टीनं दोनदा मोजलेत.
त्यानं पावतीच्या पाठीवर भागाकार केला.
काही यंत्रांना पाच मीटर लागतात.
उजेडानंही अंथरूण पाहूनच पाय पसरायचे,
आणि आमचं अंथरूण तीन मीटर दहा,
त्यात कोपऱ्यातला स्टोव्ह भिंतीचा घास खातो.

"एवढ्या पैशात टीव्ही चांगला येईल."
बरोबर आहे त्याचं.

टोर्मोडच्या डोळ्यांत मधोमध डाग आहे, कडा शाबूत.
किटलीकडे बघतो तेव्हा त्याला मी दिसते,
माझ्याकडे बघतो तेव्हा किटली.
पंचावन्न इंची टीव्ही त्या डागात अख्खा मावतो,
रिमोटसकट.
भिंत मावणार नाही.
हे मी सिव्हर्टला सांगितलं नाही.
म्हटलं, भिंत मोकळीच आहे.

"खोलीत उजेड किती असतो?"
मी काचेबाहेर बोट दाखवलं. दुपारचे साडेबारा.
बंदरावर दिवे, पलीकडे डोंगर असावा असा अंदाज.
नोव्हेंबरात गेलेला सूर्य जानेवारी सरत आल्याशिवाय येत नाही.
अंधार आमच्याकडे फुकट,
त्याला पडदे शिवावे लागत नाहीत.

"मग कमी लुमेनचाही चालेल," तो म्हणाला,
आणि थांबला. हिशोबी पोरगा, आजीवर गेलाय.
"पण मे महिन्याचं काय?
मेमध्ये सूर्य मावळायचंच विसरतो. भिंतीवर काही उमटणार नाही.
दीड हजार आणखी घाला, मोठा घ्या, उन्हाळ्यातही दिसेल."

मी पाकीट उघडलं.
ट्रॉम्सोच्या डॉक्टरीणबाई कडांबद्दलही काही बोलल्या होत्या.
तारीख नाही दिली. हा हिवाळा, एवढंच.
पाकीट मिटलं.

"लहानच दे."
"दोन वर्षांची हमी आहे, कागद लागेल?"
दे, म्हटलं.

पंखा घरघरतो. टोर्मोड म्हणाला, असू दे,
इंजिन चालू असलं की मला बरं वाटतं.
भिंतीला मी पांढरा रंग दिलाय, स्वस्तातला, एकच हात,
खालून जुनी फुलं डोकावतात.
आधी नुसता निळा चौकोन आला, सिग्नल नाही म्हणत.
तो बराच वेळ त्यालाच बघत होता,
मी तार शोधत होते.

मग ओलावनं बोटीवरून पाठवलेलं लावलं.
जाळं वर येतं, पाणी गळतं,
आणि कॉड आडवा पडतो भिंतभर.
फोनवर तो बोटाएवढा होता.
टोर्मोड दरवाज्याकडे तोंड करून बसला, म्हणजे भिंत बघायला.
"सोळा किलो," तो म्हणाला.
एकतीस वर्षं कापलेत मी. तेरा, मी म्हटलं.
"सोळा."
"तेरा. पोट बघ त्याचं, रिकामं आहे."

चित्र थांबवून मी पट्टी आणली.
डोक्यापासून मोजत गेले. एक मीटर सात,
शेपूट स्टोव्हवर गेलं होतं, ते अंदाजानं धरलं.
माझी सावली माशावर पडली, पाठीपासून कल्ल्यापर्यंत.

"बाजूला हो," तो दरवाज्याला म्हणाला,
"गुनवोर, मध्ये तूच दिसतेयस."