तांब्यातलं पाणी

बाळगोंडामामांचा उजवा कान
शिरोलीच्या फौंड्रीनं एकतीस वर्षांत खाल्ला.
त्याची तक्रार त्यांनी कुठं केली नाही.
पगार मिळत होता, म्हणतात,
कान त्यातच धरलेला.

आता तामगावच्या घरावरून विमान जातं
तेव्हा ते ऐकत नाहीत,
तांब्याकडं बघतात.
पाण्यावर बारीक वळं उठली
की वहीत वेळ टिपतात.
म्हैस पान्हा चोरते, ती खूण वेगळी.
सून पाळण्याकडं धावते, ती वेगळी.

अर्ज मी लिहून दिला,
माझं अक्षर बरं आहे म्हणून.
ठाण्यातले हवालदार म्हणाले,
स्पीकर असता तर आत्ता उचलून आणला असता,
ह्याला कुठं धरू?
प्रदूषण मंडळात विचारलं, किती डेसिबल?
मामा म्हणाले, फडताळातल्या सात बशा.
साहेब हसले नाहीत. माणूस चांगला होता.
मोजू आम्ही, म्हणाले, पण वरून जाणाऱ्याला
आवर घालणं आमच्याकडं नाही,
विमानतळावर विचारा.

उजळाईवाडीत काचेमागच्या पोरीनं
आधी मामांना पाणी दिलं.
(मामा त्या पाण्याकडंही बघत बसले.)
धावपट्टी आमची, आजोबा,
उडायचे नियम दिल्लीत होतात,
महासंचालनालयात.

महासंचालनालय.
डावा कान पुढं करून
तीनदा ऐकला त्यांनी तो शब्द.
वाटेत रिक्षात म्हणाले,
एवढ्या लांब नावाच्या टोकापतूर
आपला आवाज जायला टाइम लागंल.

रजिस्टर केलं.
पोचपावती आली, सही कुणाची ते लागेना.
ती वहीत ठेवलीय,
सकाळी नऊ चाळीस
आणि दुपारी एक दहा
यांच्या मधे.

काल संध्याकाळचं विमान आलंच नाही.
साडेसहा झाले. सात वाजून गेले.
मामा तांब्यापुढं, पेनाचं टोपण काढून.
गोठ्यात चरवी भरत आलेली,
बाळ गाढ झोपलेलं,
फडताळ गप्प.
आभाळ असं कोरं
की मलाच कसंतरी व्हायला लागलं.

मग कुंपणापलीकडनं हाक आली,
नेहमीसारखी, स्वतःला ऐकू यावी एवढी मोठी:
"अगं पद्मजा,
हा रकाना मोकळा सोडू,
का न्हाई आलं म्हणूनबी
कुणाला तरी कळवायचं असतंय?"