आत जाणारं लाकूड

परतवाड्याच्या कारखान्यात मी मोर कोरतो.
म्हणजे यंत्र कोरतं, मी फळी धरतो.
दीड तासात एक पिसारा.
दार जातं नागपूरच्या बंगल्यात,
भुसा माझ्या कानात राहतो.

आबा जाऊन तीन वर्षं झाली,
अजून त्याचा मुंडा रोवला नाही.
आई म्हणते, रात्री पत्र्यावर कोणी बसतं.
वारा असेल, मी म्हणतो.
वारा बिडी मागत नाय, ती म्हणते.

मुंडा म्हणजे सागाची फळी, छातीएवढी.
वर सूर्य, शेजारी चंद्र,
मधे घोड्यावरचा माणूस,
खाली हात धरून नाचणारे सगळे.
तो रोवेपर्यंत मेलेला माणूस
घरातच पाहुणा.
जेवत नाही, जातही नाही.

गावातले सगळे मुंडे आबानंच कोरलेले.
एक वाकस, एक पटाशी,
मापाला स्वतःची वीत.
मला म्हणाला होता,
घोड्याले पाय दोनच काढ,
बाकीचे दोन त्याले चालाले लागतात.
मानसाले डोळे काढू नोको.
मांगं पाहत बसला तं पोचन कवा?

आमच्या भाषेत सागाला सिपना म्हणतात.
नदीचं नावही सिपनाच.
आता आम्ही अकोटकडच्या काळ्या मातीत,
रांगेतल्या घरांत, नंबर सदतीस.
वाघासाठी गाव उठलं.
वाघावर राग नाही, त्यानं काही अर्ज केला नव्हता.

डेपोत लिलावाचा साग होता.
भाव ऐकला,
चहा प्यायलो, परत आलो.

मग आईनं चुलीमागून जुन्या घराचं दार ओढलं.
एकसंध फळी, आजाच्या वेळची.
नव्या घराला लोखंडी दार आहे,
हिच्यावर ती शेवया वाळवते.
आबा सिड्डू पिऊन उशिरा आला की
हिलाच कपाळ टेकून हाका मारायचा.
तेवढं लाकूड तेलकट, काळं.
सूर्य मी तिथंच काढला.

यंत्रावर वीस मिनिटांचं काम.
मला अकरा रात्री लागल्या.
घोडा बिघडला, पोट कुत्र्यासारखं आलं.
मोतीरामकाका म्हणाला, तुया बाप बसला तं मोडन.
खाली नाव लिहू का, मी विचारलं,
सोमजी झापू कासदेकर.
आई म्हणाली, वाचणार कोण? सांबर?

फाटकावर मेटकर नावाचा नवा गार्ड.
लाकूड कुठलं?
इथलंच.
इथलं बाहेर कसं गेलं?
आमच्यासंगं.
त्यानं वही चाळली.
बाहेर नेण्याची पावती होती, दंड होता, जप्ती होती.
लाकूड आत नेण्याचा रकानाच नव्हता.
बराच वेळ पेन कानात घातलं,
मग लिहिलं, माणसं चार, सामान एक.
पाचच्या आत या, म्हणाला.

गाव नव्हतं. घरांच्या जागी तरोटा,
मुठव्याचा दगड तेवढा तिथंच.
जुने मुंडे कललेले.
आजाचा घोडा सांबरांनी शिंगं घासून
इतका गुळगुळीत केला होता
की हात ठेवला तर घसरला.

भूमका बोलत होता, कोरकूत.
मला अर्धंच कळलं.
ज्या अर्ध्यावर आई रडली
ते दुसरं असावं.
मी खड्डा खणला, फळी उभी केली,
माती पायानं दाबली.
काकानं बिडी पेटवून घोड्यापुढं ठेवली.
ती विझेस्तोवर कोणी उठलं नाही.

पाचला दहा कमी होते.
मेटकरनं बोटानं मोजलं,
एक, दोन, तीन, चार.
बरोबर.
आणि सामान?
मी आईकडं पाहिलं.
ती केव्हाच फाटक ओलांडून
रस्त्याला लागली होती.