शेवटचं विसळणं

हुपरीहून साडेसातची गाडी गाठली
तर पावणेनऊला मी सागरमाळावर,
विभागाच्या मागच्या जिन्यावर बसलेली.
किल्ली माझ्याकडे नसते.
दस्तगीर मामा येईपर्यंत समोरच्या गवतात
एक मोर हिंडतो.
त्याची ती बिनघाईची चाल बघून वाटतं,
हा पर्मनंट असणार.

माझा करार अकरा महिन्यांचा.
बाराव्या महिन्यात मी कुठं असते
हे नियुक्तीपत्रात लिहिलेलं नाही.

काम तसं सोपं.
साबण, नळाचं पाणी, आम्ल,
मग डिस्टिल्ड, डिस्टिल्ड, डिस्टिल्ड.
तीनदा. दोनदा नाही.
बी.एस्सी.ला हे कुणी शिकवलं नव्हतं.
तिथं वीस जणांत एक ब्युरेट
आणि रीडिंग पुढच्या बाकावरून यायचं.

पंचगंगेच्या बाटल्या मंगळवारी येतात.
झाकणांवर अक्षर माझं.
पन्नास मिली पाणी, क्रोमेटचे थेंब,
पाणी हळदीचं होतं.
वरून सिल्व्हर नायट्रेट,
डावा हात तोटीवर, उजवा फ्लास्क फिरवत,
आणि श्वास, कुणी न सांगता, थांबलेला.
आधी दुधट गढूळ.
मग एकाच थेंबात
विटकरी.
त्या थेंबाचा मला पगार आहे.

हातावर उडालेलं उन्हात काळं पडतं.
घासून जात नाही,
कातडी बदलली की जातं.
वडलांची बोटंही काळीच, वेगळ्या कारणानं.
ते पैंजणाला डाग देतात,
आई घागऱ्या ओवते,
मी शाळेतून आल्यावर शंभर-शंभर मोजून
पुड्या बांधायचे.
एक कमी भरली तर सगळी पुडी पुन्हा.
म्हणजे नोकरी तेव्हाच लागली होती म्हणा.

गेल्या मंगळवारी शिंगणापूरची बाटली:
सहा पूर्णांक चार.
सहा पूर्णांक चार.
सात पूर्णांक एक.

"तिसरं सहा पाच लिही,"
शार्दूल सर म्हणाले.
त्यांचा पेपर सोमवारी जायचा होता.
माणूस वाईट नाही,
चहा सांगताना माझाही सांगतात.
मी पेन उचललं.
खरं सांगते, सहाचा आकडा
अर्धा काढलासुद्धा.

मामा खिडक्या लावत होते.
"काच बोलत न्हाई,
पर इसरत बी न्हाई."
मला म्हणाले की खिडकीला, माहीत नाही.

मग आठवलं.
तो फ्लास्क धुताना आईचा फोन आला होता,
गॅस संपलाय, येताना नंबर लाव.
आम्ल झालं होतं. एकदा विसळलं होतं.
पुढचं
फोनमध्ये गेलं.

नदीनं काही केलं नव्हतं.
तिच्या नावावर आधीच पुष्कळ आहे,
त्यात माझं कशाला.

वहीत अर्ध्या सहावर एक रेघ मारली,
आकडा वाचता येईल अशी, आणि लिहिलं:
फ्लास्क अकरा नीट विसळलेला नव्हता. चूक माझी.
पुन्हा केलं. सहा पूर्णांक चार.
खाली सही. तारीख. वेळ सहा दहा.
साडेपाचची गाडी गेलेली.

हुक्केरी मॅडमनी सकाळी पान बघितलं,
बरोबरची खूण केली,
काही बोलल्या नाहीत.
पेपरच्या शेवटी आभारात नाव येईल म्हणतात.
मागच्या वेळी हुपरीकर छापलं होतं.
ते माझं गाव, आडनाव नव्हे.

रात्री वडलांनी माझं बोट
दिव्याखाली धरून बघितलं.
"खरी चांदी? पाण्यात घालता?"
"व्हय."
"आणि मग ती जाती कुठं?"
त्यांच्या डोळ्यांसमोर दुकानातला केर असणार,
चिमूट-चिमूट गोळा केलेला,
झारेकरी येईपर्यंत डब्यात जपलेला.

म्हटलं, एक तपकिरी बाटली आहे.
सगळा साका तिच्यात साठवतो.
वर चिठ्ठी लावलीय, मोरीत ओतू नये.

"मग ठीक,"
म्हणाले,
आणि पुढच्या पैंजणावर वाकले.