पातळ काप

तार्तूच्या आमच्या लहान थिएटरात
गुरुवारी अकरा तिकिटं गेली.
त्यातलं एक जोडपं चाळिसाव्या मिनिटाला उठलं.
प्रोजेक्टरच्या खिडकीतून मी पाहिलं त्यांना जाताना,
दोष नाही दिला.
तोवर पडद्यावर घडलं होतं एवढंच :
एक बाई पाव कापते.

राईचा काळा पाव, टणक, सुरी करवतीसारखी चालते.
टेबलाशी तीन मुलं. दोन तिची,
एक गुरांमागे जायला ठेवलेलं.
तिसरा काप जरासा पातळ.
कुणी काही बोलत नाही. बाई वाईट नाही,
मघाशीच तिनं त्याच्या केसांतलं गवत काढलं.
कॅमेरा हलत नाही. सहा मिनिटं.
माणूस आधी कंटाळतो,
मग खोकतो,
मग कापांची जाडी मोजू लागतो.

पुढे अजून दोन तास.
त्यात एक कोठार आहे, दार नुसतं लोटलेलं.
आतून काही ऐकू येत नाही.
छपरावरचे डोमकावळे तेवढे एकदम उठतात
आणि बराच वेळ बसत नाहीत.
रक्त कुठेच नाही.
घडलं ते नेमकं कधी घडलं, कोणत्या रिळात?
सगळी रिळं माझ्याच हातांखालून गेलीत,
मला सांगता येणार नाही.

जोडप्यातला पुरुष परत आला, हातमोजा राहिला होता.
सापडला. तो हातात घालून
शेवटपर्यंत भिंतीला टेकून उभाच राहिला,
बायको बाहेर बर्फात.

चांगला आहे का, तिकीटखिडकीवर विचारतात.
मी म्हणतो, संथ आहे.
विहिरीत दगड टाकून
कान लावून उभं राहावं, तितका संथ.

हिल्वे चारही दिवस आली.
ऐंशीच्या पुढची, मांडीवर पर्स,
दिवे लागले तरी बसून.
म्हटलं, बाई, एवढं काय आवडलं?
आवडलं नाही, म्हणाली.
आमच्याकडेही होता एक. लेम्बित.
मार्चमध्ये त्याला ट्रकमध्ये घालून नेलं,
यादीत नाव कुणी दिलं ते घरात कुणी विचारलं नाही.
त्याच्या वाटचा काप मला आठवत नाही हो.
माझा आठवतो.
जाड होता. वर लोणी.

रात्री नझार येतो झाडायला, खार्किवचा, एकोणीस वर्षांचा.
मी रोजच्यासारखी कॉफी ओतली :
एक कप माझा,
एक कानतुटका, तो त्याचा.
असं ठरवलं कुणीच नव्हतं.
दीड वर्ष झालं.

आज कप बदलून दिला.
त्यानं कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
झाडू भिंतीला लावून ताठ उभा राहिला,
काय चुकलं म्हणून.

मी काही बोललो नाही. प्यायलो.
कानतुटक्या कपानं बोटं भाजतात,
हे मला माहीत नव्हतं.